दिवे लागेपर्यंत

त्या गल्लीत चौदा घरं होती आणि तेरा घरांवर दिव्यांच्या माळा होत्या. चौदावं घर बाबांचं. थंडीतला सण जवळ आला की गल्लीतली माणसं शिड्या बाहेर काढायची, खिडक्यांना रंगीत कागद चिकटवायची आणि बाबांच्या दारावरून जाताना उगाच आवाज खाली घ्यायची, जसं काही आत कोणी आजारी आहे. आजारी कोणी नव्हतं. त्या घरात देव नव्हता, एवढंच.

पण देव नसला तरी पोरं असतात, आणि पोरांना शेजारच्या पोरांकडे जे जे असतं ते सगळं हवं असतं. थोरली सहा वर्षांची असताना शाळेतून हुंदके देत घरी आली होती. सगळ्यांकडे सण आहे, आपल्याकडेच काही नाही, म्हणून. बाबा जमीन मोजणीच्या खात्यात होते. नाकासमोर चालणारा आणि इंचाइंचाचा हिशेब ठेवणारा माणूस. त्यांनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं की आपल्या घरी 'लहान दिवस' असतो.

वर्षातला सगळ्यांत लहान दिवस. तो कोणी मानला तरी येतो, नाही मानला तरी येतो, त्यामुळे तो आपल्याला चालतो, असं बाबांचं म्हणणं. दुपारी अंगणात काठी रोवायची, ओळंबा लावून ती सरळ आहे ना ते बघायचं आणि तिची सावली मोजून वहीत लिहायची. सूर्य मावळला की घरातले झाडून सगळे दिवे बंद. मग अंधारात टेबलाभोवती बसून, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत, प्रत्येकाने वर्षभर लपवलेली एक गोष्ट सांगायची. ऐकणाऱ्यांना प्रत्येकी एकच प्रश्न. उत्तर खरंच द्यायचं. आणि दिवे लागेपर्यंत कोणी कोणावर रागवायचं नाही. शेवटी बोलेल त्याने दिवे लावायचे, मग गरम सूप आणि भाजलेले बटाटे.

"इतरांच्या चुका पोटात घालायला वर कोणीतरी असतं," बाबा म्हणायचे. "आपल्याला आपणच आहोत. तेव्हा एकमेकांना सांगून टाकायचं."

पोरं लहान होती तोवर फार मजा यायची. धाकट्याने एका वर्षी कबूल केलं की दात घासतो असं सांगून तो चार महिने नुसता ब्रश ओला करत होता. आईने एकदा सांगितलं की बाबांचा हरवलेला आवडता स्वेटर हरवला नव्हता, तिने त्याची फरशी पुसायची फडकी केली होती. बाबांनी आपला एक प्रश्न वापरला, "फरशी तरी नीट निघाली का?" आणि आई हसून हसून टेबलावर आडवी झाली होती.

यंदा आई नव्हती. नऊ महिन्यांपूर्वी, सतरा दिवस हॉस्पिटलात काढून, ती गेली होती.

थोरली सकाळी साडेअकराला आली. ती दातांच्या कवळ्या बनवायची. नखांत गुलाबी मेणाचा कण राहिला होता तो तिने येता येता बसमध्ये कोरून काढला. सांगायला तिने दोन गोष्टी तयार ठेवल्या होत्या. एक छोटी, बिनधोक. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कवळीत तिच्याकडून भलत्याच रंगाचे दात बसले होते, आणि ते इतके खूश झाले की तिने चूक सांगितलीच नाही. ही गोष्ट सांगितली की सगळे हसतील आणि दिवस निभावेल. दुसरी गोष्ट मात्र तिने नऊ महिने लपवली होती.

जाण्याआधी दोन दिवस आईने प्रार्थना म्हणवून घेतली होती. मावशीने तिच्या प्रार्थनाघरातले एक गृहस्थ आणले होते आणि थोरलीने त्यांना खोलीत घेतलं होतं, बाबांच्या पाठीमागे.

बाबा कधी ओरडत नसत. ओरडले असते तर बरं झालं असतं. वीस वर्षांपूर्वी धाकटा तापाने फणफणला होता तेव्हा काकाने, म्हणजे बाबांच्या सख्ख्या भावाने, त्याच्या उशीखाली मंतरलेला दोरा ठेवला. बाबांना तो सापडला. त्यांनी तो उचलून काकाच्या हातात दिला, दार उघडून धरलं, आणि त्यानंतर आजतागायत ते त्याच्याशी एक अक्षर बोललेले नाहीत. काका त्याच गावात राहतो. बाजारात समोरासमोर आले की बाबा भाव विचारत पुढे जातात. थोरलीने हे वीस वर्षं पाहिलं होतं. आई गेली, आता बाबाही असे पुढे निघून गेले तर आपलं कोण राहिलं, हा एकच विचार तिला नऊ महिने पोखरत होता.

"आलीस? ये, धर ही," बाबांनी तिच्या हातात काठी दिली. ते अगदी वाळले होते. स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावली होती, आणि बाबांच्या बाबतीत हे म्हणजे जग उलटंपालटं होण्यासारखं होतं. त्यांनी ओळंबा लावला, वाकून टेप सरकवला, आकडा वाचला, पुन्हा वाचला. "गेल्या वर्षीइतकीच," ते म्हणाले. जणू त्यांना दुसरंच काही अपेक्षित होतं.

धाकटा, जो आता शहराच्या बसवर ड्रायव्हर होता, ड्यूटी संपवून खाकी कपड्यांतच आला आणि थोरलीला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तू ते कवळीचं सांग. मी मस्त हसतो. बाबांची अवस्था बघतेस ना?" त्याला सगळं माहीत होतं. त्या दिवशी हॉस्पिटलच्या दाराशी पहारा त्यानेच दिला होता.

"हो, तेच सांगणार आहे," ती म्हणाली, आणि तिच्या जिवात जीव आला.

तो दिलासा फार वेळ टिकला नाही. चारच्या सुमारास मावशी आली. आईची धाकटी बहीण, शिवणकाम करणारी, तोंडाने फटकळ आणि मनाने लोण्याची. लहान दिवसाला ती आजवर कधीच आली नव्हती. "तुमचा तो अंधारातला खेळ मला नको" असं म्हणायची. यंदा बाबांनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. घर मोकळं वाटतं, म्हणाले होते.

मावशीने स्वयंपाकघरात बटाटे धुवायला घेतले आणि दार पायाने लोटून घेतलं.

"सांगितलंस त्यांना?"

"नाही, आणि सांगणारही नाही. मावशी, तुझ्या पाया पडते, तूही बोलू नकोस."

"का? चोरी केली का आपण?" मावशीने नळ मोठा केला. "माझ्या प्रार्थनाघरातल्या बायका मला विचारतात, बहीण तशीच, प्रार्थनेविना गेली का हो? मी मान खाली घालते. माझी बहीण तशी गेली नाही, हे मला माहीत असून मी गप्प बसायचं. किती दिवस?"

"बाबा मला तोडतील."

"पोटच्या पोरीला कोणी तोडत नाही."

"सख्ख्या भावाला तोडतात?"

मावशीचे हात पाण्यात थांबले. मग तिने एक बटाटा जरुरीपेक्षा जास्त जोरात चोळायला घेतला. "हे बघ. मला आज इथे गोष्ट सांगावी लागणार आहे ना? मला खोटं बोलता येत नाही. तू माझ्यानंतर. मी माझ्या पाळीला काही सांगणार नाही, म्हणेन की मी पाहुणी. पण तू ते दातांचं काहीतरी सांगून वेळ मारून नेलीस, तर तिथल्या तिथे मी तोंड उघडेन. तुला एवढी सवलत."

धमकी देणाऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. थोरलीला तिचा रागही येईना आणि दयाही येईना. तिने धुतलेले बटाटे पुसायला घेतले.

सूर्य मावळला. बाबांनी घड्याळ बघून मान हलवली आणि धाकट्याने एकेक करून दिवे बंद केले. बाहेर शेजाऱ्यांच्या माळा लखलखत होत्या, म्हणून पडदे ओढावे लागले. चौघं टेबलाशी बसली. आईची खुर्ची बाबांनी काढली नव्हती, मावशीला तिच्यात बसवलं होतं.

"मी मोठा. मी सुरू करतो," बाबा म्हणाले.

दरवर्षी ते काहीतरी किरकोळ सांगायचे. गॅस चालू ठेवून फिरायला गेलो, साहेबांच्या टोपीवर बसलो. थोरली त्याचीच वाट बघत होती.

"ती जायच्या दोन दिवस आधी," बाबांनी सुरुवात केली, "मंगळवारी दुपारी, तिने मला चष्मा आणायला घरी पाठवलं. वाचायचा चष्मा घरी राहिलाय म्हणाली. मी आलो. अर्धा तास शोधला, सापडला नाही. मग मी बाहेरच्या पायरीवर बसलो. सव्वा तास बसलो. हॉस्पिटलात परत जायचा धीर होईना मला. तो वास, ती नळी. शेजारच्यांचं मांजर पाहत बसलो. नंतर गेलो आणि तिला सांगितलं, दोन तास सगळं घर पालथं घातलं, मिळाला नाही. ती म्हणाली, राहू द्या हो. माझा हात थोपटला तिने."

अंधारात बाबांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"शेवटची एक गोष्ट मागितली तिने माझ्याकडे. ती मी नीट शोधलीसुद्धा नाही, वर खोटं बोललो. तेव्हापासून शोधतोय. कपाटं झाली, पोटमाळा झाला, पिठाचा डबा चाळून पाहिला. गाद्या उसवल्या. चष्मा काही घरातून चालत जात नाही." त्यांनी घसा साफ केला. "झालं. विचारा काय विचारायचं ते."

चष्मा घरातून चालत गेला नव्हता. तो तेव्हा घरी नव्हताच. बाबांना निदान दोन तास बाहेर ठेवायचं म्हणून तो थोरलीने आपल्या पर्समध्ये घातला होता. आई गेल्यावर तो परत ठेवण्याची तिला छातीच झाली नाही, आणि आता तो तिच्या कामाच्या जागी, साच्यांच्या खणात, मऊ कापडात गुंडाळून पडला होता. बाबा तो शोधत असतील असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

धाकट्याने प्रश्न विचारला नाही. मावशीनेही नाही. "मी पाहुणी आहे भावोजी, मला सोडा," ती कशीबशी म्हणाली. तिचा आवाज दुपारच्या मावशीचा राहिला नव्हता. टेबलाखालून तिने थोरलीचा गुडघा घट्ट दाबला आणि अगदी हळू पुटपुटली, "नको सांगूस. राहू दे."

आता नको म्हणत होती! थोरलीला हसू यायचं बाकी होतं. कवळीची गोष्ट जिभेवर तयार होती. दोन वाक्यं, एक हशा, दिवे, सूप. आणि उद्या सकाळी बाबा पुन्हा गाद्या उसवायला बसणार. पुढच्या वर्षीही. मरेपर्यंत.

"तुमची काही चूक नाही, बाबा," ती म्हणाली. "चष्मा माझ्याकडे आहे."

मग थांबणं शक्यच नव्हतं. तिने सगळं सांगितलं. आईने सोमवारी तिला जवळ बोलावून कसं विचारलं, मावशीने कोणाला आणलं, धाकटा दाराशी कसा उभा राहिला, चष्मा तिने पर्समध्ये कसा लपवला. "आई म्हणाली, वर कोणी नाही हे मला ठाऊक आहे. पण माझी आई झोपवताना जे म्हणायची ते एकदा कानावर पडू दे. त्या गृहस्थांनी दहा मिनिटं म्हटलं. आई डोळे मिटून ऐकत होती. मग झोपली. इतकी शांत त्या सतरा दिवसांत ती झोपली नव्हती. तुम्ही परत आलात तेव्हा नुकतीच जागी झाली होती."

ती थांबली. पडद्याबाहेर कुठेतरी पोरांचं गाणं चाललं होतं, सणाचं, सुरात आणि बेसुरात. धाकट्याची खुर्ची करकरली. बाबांचा श्वास ऐकू येत होता. थोरली त्यांच्या एका प्रश्नाची वाट बघू लागली. का केलंस, असं विचारतील. कोणाच्या परवानगीने, असं विचारतील. किंवा काहीच विचारणार नाहीत, उठतील, दार उघडून धरतील. त्याची तिने नऊ महिने तयारी केली होती आणि तरी तिला वाटलं की आपल्याच्याने उठवणार नाही.

"माझा एक प्रश्न," बाबा म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "ती मला घाबरत होती का?"

या प्रश्नाची तयारी तिने केली नव्हती.

मऊ उत्तरं पुष्कळ होती. तिला तुम्हाला दुखवायचं नव्हतं. तिला तुमची काळजी होती. तेही खरंच होतं. पण आईने त्या सोमवारी तिचं मनगट धरून सांगितलेले शब्द तिला पाठ होते. यांना कळू देऊ नकोस, ते माझ्याशी बोलणं बंद करतील, आणि माझ्याकडे आता फार दिवस नाहीत.

"हो, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही बोलणं बंद कराल म्हणून."

मावशीने तोंडावर पदर धरला. बाबा काही बोलले नाहीत. थोरलीने मनात म्हटलं, झालं, संपलं, हेच ते.

"धाकट्या, तुझी पाळी," बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले.

"मी दाराशी उभा होतो," धाकटा म्हणाला. "तेच लपवलं होतं. आणखी काही नाही." मग त्याच्याने राहवेना. "बाबा, दिवे नाही लावत मी. बसू असेच थोडा वेळ."

"नियम आहे. लाव."

"नको ना बाबा."

"मी लावते," थोरली म्हणाली. जे व्हायचं ते होऊन जाऊ दे, टांगून तरी नको राहायला. ती चाचपडत भिंतीपर्यंत गेली आणि तिने खटाखट सगळी बटणं खाली केली.

उजेडात सगळ्यांनी डोळे मिचकावले. बाबा उठून उभे होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता, गाल ओले होते, आणि मानेवरची शीर फुगलेली दिसत होती. ते दाराकडे वळले नाहीत. टेबलावर त्यांनी अशी थाप मारली की चमचे उडाले.

"पिठाचा डबा!" बाबा ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, आणि सवय नसल्यामुळे आवाज मध्येच फाटला. "पिठाचा डबा चाळला मी! चाळणी घेऊन! तिची माफी मागत होतो मी त्या कॉटपाशी उभा राहून, आणि तू समोर होतीस! पर्स काखेत धरून समोर होतीस तू!"

"होते बाबा," थोरली म्हणाली. तिला रडू फुटलं होतं आणि ती डोळे पुसतही नव्हती.

"नऊ महिने! तुला एकदाही वाटलं नाही, बापाला सांगावं?"

"रोज वाटलं."

"मग का नाही सांगितलंस?" ते म्हणाले, आणि आपल्याच शब्दांवर थबकले. ती ओळखीची शांतता खोलीत शिरायला लागली. धाकटा खुर्चीवरून अर्धा उठला. मावशीने बहिणीच्या खुर्चीचे हात धरून ठेवले. थोरली भिंतीला पाठ लावून बाबांकडे बघत राहिली. दार तिच्यापासून दोन पावलांवर होतं.

"तिने मला विचारायला हवं होतं," बाबा शेवटी म्हणाले, आणि मग पुन्हा, त्याहून मोठ्याने, गल्लीतल्या तेरा घरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "मी आणलं असतं त्या माणसाला! शिव्या देत आणलं असतं, पण आणलं असतं! तू तरी का धरून चाललीस की मी नाही म्हणेन? सांग ना! अशी भिंतीला चिकटून काय उभी राहतेस? बस इथे! माझं अजून संपलेलं नाही!"

थोरली आली आणि बाबांच्या समोर बसली.